थोरली घरी, धाकटी काचेच्या पेटीत

पुण्याहून एका आईचे पत्र आले आहे. त्यातला आवश्यक तेवढा भाग असा:

“माझ्या जुळ्या मुली ३१ व्या आठवड्यातच जन्मल्या. थोरली १३८० ग्रॅमची होती, धाकटी १०९०. आज ३८ वा दिवस आहे. थोरली आता १८२० ग्रॅमची झाली असून अंगावर आणि वाटीचमच्याने दूध पिते. चार-पाच दिवसांत तिला घरी सोडू, असे डॉक्टर म्हणतात. धाकटी १५१० ग्रॅमची आहे. तिला अजून अर्धे दूध नळीने द्यावे लागते आणि चार दिवसांपूर्वी तिचा श्वास मध्येच थांबला होता. जुळ्यांची ताटातूट करू नये, दोघींना एकदमच आणू, असे सासूबाई म्हणतात. पुण्यात आमच्या दोनच खोल्या आहेत, म्हणून सातारा जिल्ह्यातल्या गावच्या घरी नेण्याचा त्यांचा आग्रह आहे. यजमान श्वास मोजणारे यंत्र विकत घ्यायचे म्हणतात. थोरलीला घरी नेण्याच्या विचारानेच मला घाम फुटतो. मॉनिटरवरचे आकडे पाहिल्याशिवाय ती बरी आहे हे मला कळतच नाही.”

सप्रेम नमस्कार.

नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून मी आयुष्याची बरीच वर्षे काढली. तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी त्या काळात अनेक आयांच्या तोंडून ऐकले आहे, म्हणून आधी त्याच वाक्याबद्दल लिहिते आणि ताटातूट, गाव, यंत्र या गोष्टींकडे नंतर वळते.

अडतीस दिवस तुम्ही बाळाकडे आकड्यांतून पाहत आला आहात, कारण तिथे सगळेच तसे पाहतात. घरी आकडे नसतील. तिथे तुमचे डोळे, हात आणि कान असतील, आणि ते तयार करण्यासाठी तुमच्याकडे अजून चार-पाच दिवस आहेत. हे दिवस पिशवी भरण्यात आणि दुपटी शिवण्यात घालवू नका. उद्यापासून थोरलीचे सगळे तुम्ही स्वतः करा: लंगोट बदलणे, अंग पुसणे, दूध पाजणे, औषध मोजणे. सिस्टरांना विनंती करा की त्यांनी हात न लावता शेजारी फक्त उभे राहावे. मग मॉनिटरकडे पाठ करून बसा, तिच्या पोटाची हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा आणि नंतर वळून आकडा पाहा. पहिल्या दिवशी दोन्ही जुळणार नाहीत, तिसऱ्या दिवशी बहुधा जुळतील. बाळ शांत असताना मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास येतात. पाच-दहा सेकंद श्वास मंद होऊन थांबतो आणि मग भराभर चालू होतो, असेही दिसेल. नऊ आठवडे आधी आलेल्या बाळांत हे नेहमीचे आहे. मात्र २० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास न येणे, किंवा त्याआधीच ओठ-जीभ निळसर पडणे किंवा बाळ लुळे पडणे, हे धोक्याचे आहे. अशा वेळी तळपाय चोळून, पाठीवरून बोटे फिरवून बाळाला कसे जागे करायचे आणि तेवढ्याने श्वास आला नाही तर तोंडाने श्वास कसा द्यायचा, हे घरी जाण्यापूर्वी तुम्ही आणि यजमान दोघांनीही बाहुलीवर शिकून घ्या. न सांगता कोणी शिकवतीलच, असे धरून चालू नका, मागून घ्या.

तिची ऊब हातानेच ओळखायची आहे. हाताची मागची बाजू आधी तिच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट गरम आणि पाय गार असतील तर तिला थंडी वाजते आहे, तेव्हा लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार लागले तर ती धोक्यात आहे. छातीशी धरूनच दवाखान्याची वाट धरा. हा स्पर्श दिवसातून आठ-दहा वेळा करा, म्हणजे चारच दिवसांत हाताला न विचारता कळू लागेल.

आता ताटातुटीचे. सासूबाईंच्या शब्दांमागची माया मला समजते, पण थोरलीला तिच्या दिवशी घरी आणा, असेच मी सांगेन. बाळ सोडण्याइतके चांगले झाले, म्हणजे तिला पेटीविना अंगाची ऊब राखता येते, सगळे दूध तोंडाने जाते, वजन सलग काही दिवस वाढते आहे आणि श्वास थांबलेला नाही. त्यानंतर रुग्णालयात राहण्यात तिचा लाभ काही नाही, संसर्गाची भीती मात्र आहे. धाकटीचे म्हणाल तर श्वास थांबण्याची शेवटची घटना घडली की तिथून दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि साधारण पाच ते सात दिवस निर्वेध गेल्याशिवाय डॉक्टर सोडत नाहीत. ही मोजणी एकदा-दोनदा पुन्हा सुरू होणे अगदी नेहमीचे आहे. त्यात ती मागे पडली असे काही नाही, आणि तुमच्या हातून काही चुकले असे तर मुळीच नाही.

तरीही ताटातूट खरी आहे, ती तुमची आहे. एक मूल घरी आणि एक पेटीत असताना आईला दोन्हीकडे अपराधी वाटते. एकीकडे असताना मन दुसरीकडे धावते. म्हणून डॉक्टरांना आजच विचारा की थोरलीसह तुम्हाला दोन-तीन दिवस रुग्णालयातच, आई आणि बाळ एकत्र राहतात त्या खोलीत, राहता येईल का. अनेक ठिकाणी आता अशी सोय असते. तिथे पहिली रात्र तुम्ही एकट्याने काढाल, पण सिस्टर हाकेच्या अंतरावर असतील आणि धाकटी चार पावलांवर. सोय नसेल तर घरी गेल्यावर दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी धाकटीकडे जा, तासभर तिला छातीशी घ्या, दूध काढून देऊन परत या. दिवसातून तीन-तीन फेऱ्या मारू नका. त्यात दूध आटते आणि माणूसही.

त्या वेळात थोरली कोणाकडे, याचे उत्तर तुमच्या घरातच आहे. सासूबाईंना बाळ छातीशी धरायला शिकवा. हल्ली याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉक्टर एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली, ती पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून; आणि मग असे दिसून आले की आईची छाती ही पेटीची नुसती बदली नाही, त्वचेच्या स्पर्शाने बाळाचा श्वास स्थिरावतो, दूध वाढते, संसर्ग कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना अशा बाळांना दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितके जास्त, असे धरायला सांगते, आणि आईला शक्य नसेल तेव्हा वडील, आजी, मावशी कोणीही धरू शकते. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे ठेवायचे, दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरायचे, मान एका बाजूला किंचित वर, नाक मोकळे, आणि वरून मऊ सुती कापडाने दोघांना एकत्र बांधायचे. एका जुळ्यांच्या आजीने यासाठी आपले जुने नऊवारी लुगडे चार पदरी करून आणले होते. इतके धुतलेले, मऊ आणि ऊबदार कापड बाजारात विकत मिळणार नाही. ती आजी पहिल्या दिवशी “एवढुसं पोर, माझ्या हातून काही झालं तर?” म्हणत भिंतीला टेकून ताठ बसली होती. तासाभराने बाळ झोपले, आजीही पेंगुळली, आणि सूनबाई पाच आठवड्यांत पहिल्यांदा दुपारची जेवली. पेंगुळण्याचे तेवढे सांभाळा. धरणारीला झोप अनावर झाली तर दुसऱ्याने बाळ घ्यावे किंवा त्याच्या जागी ठेवावे. सासूबाईंच्या हाती असे खरे काम सोपवलेत की गुटी, धुरी, शेगडी यांवरचे वादही पुष्कळ सोपे होतील, हा माझा अनुभव आहे.

त्या वादांवर थोडक्यात लिहिते, कारण तिथे तडजोड नाही. बाळगुटी, मध, ग्राइपवॉटर, वरचे पाणी, गाईचे दूध यांतले काहीही नको. नाकात आणि कानात तेल नको, काजळ नको. धुरी आणि कोळशाची शेगडी तर कोणत्याही बाळाच्या खोलीत नको. महिनाभर यंत्रांच्या आधाराने तयार झालेल्या फुप्फुसांना तो धूर सोसणार नाही. खोली इतकी उबदार ठेवा की मोठ्या माणसाला थोडे उकडावे. आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हाच, तोवर कोमट पाण्याने अंग पुसावे. मालिश करणाऱ्या बाईंना नम्रपणे सांगा की दोघींचे वजन वाढेपर्यंत त्यांनी फक्त तुमचीच मालिश करावी. मोहरीच्या उशीबद्दल सासूबाईंना वाईट वाटेल, पण तीही नको. डोके गोल होण्यासाठी जाग असताना आणि कोणी समोर असताना पोटावर थोडा वेळ ठेवता येते. झोपताना बाळ उताणे, घट्ट गादीवर, उशी-लोड-खेळण्यांशिवाय आणि प्रत्येकीची जागा वेगळी. झोळीत एवढ्या लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अडते, म्हणून झोळीही सध्या राहू द्या.

यजमानांना सांगा की यंत्राचे पैसे वाचवावेत. घरी विकत मिळणारी ही यंत्रे झोपेतले अचानक मृत्यू टाळतात असे सिद्ध झालेले नाही. बाळाने पाय हलवला की ती वाजतात, आणि दोन रात्री वाजल्यावर घरातले लोक एक तर झोपत नाहीत किंवा यंत्र बंद करून ठेवतात. डॉक्टरांनी बाळाला ऑक्सिजनसह घरी पाठवले असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ते स्वतःच सांगतील. त्या पैशांत एक डिजिटल थर्मामीटर येईल आणि महिनाभर स्वयंपाकाला बाई ठेवता येईल. दुसऱ्या खर्चाने तुमच्या मुलींचे अधिक भले होईल.

आता गावाबद्दल, आणि हा भाग कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. दोघींच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पूर्ण झाली, असे नेत्रतज्ज्ञ स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत पुणे सोडू नका. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांची ही तपासणी आपल्याकडे जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू करतात; तुमच्या मुलींची पहिली तपासणी झालेली असावी, नसल्यास आजच विचारा. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोहोचलेल्या नसतात. त्या पुढे वाढताना कधी वाकड्या वाढतात आणि पडदा ओढून सुटा करतात. बाहेरून डोळा निरोगी दिसतो, बाळ रडत नाही, लाली येत नाही, आईला काहीच कळत नाही. वेळीच सापडले तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी बहुधा वाचते, पण ‘वेळीच’ याचा अर्थ काही वेळा निदानापासून दोन-तीन दिवस इतकाच असतो. म्हणून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा, असे सांगतात तेव्हा ती तारीख शब्दशः पाळायची असते. अडचण अशी की ही तारीख बहुतेक वेळा घरी गेल्यानंतरची असते, आणि त्याच दिवशी गावाकडे कोणाचे लग्न असते, गाडी मिळत नाही, बाळ तर चांगले दिसते, मग पुढच्या आठवड्यात जाऊ असे ठरते. अशी एक मुलगी मी पाहिली आहे. तिची आई बाळाचे वजन किती छान वाढले ते दाखवायला आली होती, आणि वजन खरोखरच छान वाढले होते. तपासणीची तारीख पाच आठवड्यांपूर्वी उलटून गेली होती. त्या मुलीला एका डोळ्याने दिसते. त्या आईचा दोष मी कधीच मानला नाही. कागदावर तारीख होती, पण ती किती मोठी गोष्ट आहे हे तिला कोणीच बसवून सांगितले नव्हते. तुम्हाला मी सांगितले आहे.

डोळ्यांइतकी घाई नसली तरी श्रवणाची तपासणीही घरी जाण्यापूर्वी, किंवा फार तर तीन महिन्यांच्या आत, करून घ्या. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी बेरा ही चाचणी करतात. लसी जन्मतारखेपासूनच मोजायच्या आहेत, त्यामुळे दीड महिन्याच्या लसी चार दिवसांवर आल्या आहेत आणि धाकटीला त्या तिथेच मिळू शकतात. दोघींना बीसीजी दिली का, तेही विचारा. वाढ मात्र लसींसारखी जन्मतारखेपासून मोजू नका. तुमच्या मुली नऊ आठवडे लवकर आल्या, म्हणून चार महिन्यांच्या होतील तेव्हा त्यांच्याकडून दोन महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा धरायची, आणि हा हिशोब दोन वर्षांपर्यंत ठेवायचा. शेजारचे बाळ मान धरते आणि आमच्या धरत नाहीत, या काळजीने किती रात्री वाया जातात!

दूध आणि औषधे यांत जुळ्यांच्या घरी खरी चूक होते ती रात्री तीन वाजता, एकीला दोनदा आणि दुसरीला एकदाही नाही अशी. एकसारख्या दिसणाऱ्या असतील तर अंधारात आईही फसते. एकीच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला नखरंग लावा. तिच्या औषधांच्या बाटल्यांना, वाटीला, वहीच्या पानांना त्याच रंगाची खूण करा. वहीत वेळ, किती दूध, औषध, लघवी, शी एवढेच, आणि लिहायचे ते देऊन झाल्यावर, देण्याआधी नाही. चोवीस तासांत सहा ते आठ वेळा लघवी होणे आणि दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वजन वाढणे, म्हणजे दूध पुरते आहे. वजन आठवड्याने एकदा, एकाच काट्यावर करा. रोज करून जीव टांगणीला लावू नका. ड जीवनसत्त्वाचे थेंब दुकानात ४०० आणि ८०० युनिट अशा दोन ताकदींत मिळतात, आणि दुकानदाराने बाटली बदलली तर तेवढेच थेंब दुप्पट होतात, म्हणून प्रत्येक वेळी लेबल वाचा. लोहाचे औषध सुरू झाल्यावर शी काळपट होते, तिला घाबरू नका.

थोरली अंगावर दमली की उरलेले काढलेले दूध वाटीचमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटलीची घाई करू नका. काढलेले दूध खोलीत चार तास, फ्रिजच्या आतल्या भागात २४ तास ठेवा, दारात नको. धाकटी येईपर्यंत दिवसातून आठ वेळा, त्यातले एकदा मध्यरात्रीनंतर, दूध काढत राहा, कारण आज काढाल तेवढेच उद्या दोघींना पुरेल. दूध कमी वाटले तर पावडरकडे वळण्यापूर्वी मातृदुग्धपेढीबद्दल विचारा. मुंबईत शीवच्या रुग्णालयात अशी पेढी १९८९ साली सुरू झाली, ती आशियातली पहिली. आता इतर शहरांतही त्या आहेत.

पाहुण्यांचे काम यजमानांकडे द्या. सर्दी-खोकला असलेल्या कोणालाही, मग ते सख्खे मामा असोत, उंबरठा ओलांडू देऊ नका. मोठ्यांची साधी सर्दी या बाळांना पुन्हा ऑक्सिजनवर नेऊ शकते. बाळंतविडा दारातच घ्यावा, बारसे दोघी घरी येऊन बाळंतपणाची मूळ तारीख उलटेपर्यंत थांबावे. नावे मात्र आजच ठेवा. पेटीवर ‘बाळ एक, बाळ दोन’ लिहिलेले असते, तिथे नाव लावायला सिस्टर आनंदाने परवानगी देतील.

दूध न ओढणे, सतत सुस्त पडणे, अंग गार पडणे किंवा ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, मिनिटाला ६० च्या वर श्वास, छातीला खड्डे पडणे, कण्हणे, हिरवी उलटी, फुगलेले पोट, तळहात-तळपाय पिवळे, आचके, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. पुढे गावी जाल तेव्हा पहिल्याच दिवशी आशाताईंना बोलवा. नवजात बाळाला घरी जाऊन तपासण्याचे त्यांचे काम गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना शिकवून उभे केले, आणि तिथल्या नवजात मृत्यूंचे प्रमाण त्यामुळे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आशाताईंकडे वजनकाटा असतो आणि जवळचे नवजात शिशू कक्ष कुठे आहेत, हे त्यांना पाठ असते.

तुमच्या घाम फुटण्याबद्दल आणखी एक. भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपले असतानाही झोप लागत नसेल, किंवा मुलींपासून दूर जावेसे वाटत असेल, तर हे दुबळेपण समजून लपवू नका. बाळंतपणानंतरचा हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि जुळ्यांच्या व अतिदक्षता विभागातून आलेल्या बाळांच्या आयांना तो अधिक गाठतो. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोला.

थोरली घरी आल्यावरचे दहा-बारा दिवस तुमची तालीम होईल. धाकटीला आणायचा दिवस ठरला की आदल्या रात्रीचे थोरलीचे सगळे दूध काढून फ्रिजमध्ये ठेवा, ती रात्र सासूबाई आणि यजमान यांच्याकडे सोपवा, दूध काढायला तेवढे एकदा उठून बाकीची रात्र दुसऱ्या खोलीत झोपा. सकाळी थोरलीला आजीच्या छातीशी ठेवून दोघेच रुग्णालयात जा. निघण्याआधी धाकटीच्या डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्या आणि घरी पोहोचताच ती कालनिर्णयावर थोरलीच्या तारखेशेजारी लाल शाईने गोल करा.